गर्दीआधीची गर्दी : धार-देवासच्या निमित्ताने भारचाचणीचा विचार

धारचे नाव निघाले म्हणजे राजा भोज व त्याची विद्वत्सभा, आणि नंतरच्या काळातील पवारांचे संस्थान, या दोन आठवणींपाशी माळव्यातील मराठी मन सहसा थांबते. याच धार जिल्ह्यात १ जानेवारी २००० रोजी ‘ज्ञानदूत’ हा उपक्रम सुरू झाला. सामान्य खेडुताने संगणकाच्या पडद्यावरून सरकारदरबारी अर्ज करावा, ही गोष्ट तेव्हा मुंबई-पुण्यातही नवलाची होती. धारच्या जिल्हा पंचायतीत एक मुख्य संगणक ठेवला गेला आणि जिल्ह्यातील पाच विकासखंडांत, बाजारहाटाची व रहदारीची गावे निवडून, सुरुवातीला सुमारे वीस ‘सूचनालये’ उघडली गेली. प्रत्येक सूचनालय सभोवतालच्या पंचवीस-तीस गावांसाठी होते. गावातीलच एखादा शिकलेला तरुण ‘सूचक’ म्हणून तेथे बसे. मंडीतील भाव, खसऱ्याची नक्कल, जातीच्या व उत्पन्नाच्या दाखल्यांचे अर्ज, बंद पडलेल्या हातपंपाची तक्रार अशी कामे पाच ते पंधरा रुपयांच्या शुल्कात होत. त्याच वर्षी स्टॉकहोम चॅलेंज हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार ज्ञानदूतला मिळाला.

पुरस्काराचे कौतुक व्हायला हवे होते आणि ते झाले. परंतु ज्ञानदूतची खरी शिकवण पुरस्कारानंतरच्या वर्षांत आहे. नंतरच्या अभ्यासांत दोन अडचणी पुन्हापुन्हा नोंदल्या गेल्या : वीज आणि दूरध्वनीची जोडणी. सूचनालये धारशी साध्या दूरध्वनीच्या तारेने जोडलेली होती. तार लागली नाही, लागून मध्येच तुटली, अथवा वीज गेली, की सूचकापुढचा पडदा काळा. दहा कोस चालून आलेल्या शेतकऱ्याला धारचा मुख्य संगणक उत्तम चालला आहे, हे सांगून काय उपयोग? पेरणीच्या तोंडावर पीककर्जासाठी खसऱ्याची नक्कल हवी असते आणि ती एकट्यालाच नव्हे, साऱ्या पंचक्रोशीला एकाच पंधरवड्यात हवी असते. जी व्यवस्था माघातल्या निवांत दुपारी सुरळीत चालते, तिची परीक्षा मृगाच्या आसपास होते. ही परीक्षा प्रत्यक्ष माणसांवर होण्याआधी, कोणालाही न दुखावता, कृत्रिम गर्दी उभी करून घेता येते. त्या शास्त्राला भारचाचणी म्हणतात.

भारचाचणीमागचे गणित ग्रंथालयाच्या सभासदांना अपरिचित वाटू नये. देवघेवीच्या टेबलापाशी दर मिनिटाला तीन वाचक येतात आणि प्रत्येकाचे काम आटोपून तो बाहेर पडेपर्यंत चार मिनिटे जातात, असे धरले तर कोणत्याही क्षणी तेथे सरासरी बारा माणसे उभी असणार. आता नोंदवही बदलली आणि चार मिनिटांची दहा झाली, तर वाचक तेवढेच येऊनही टेबलापाशी तीस माणसे दिसतील. गर्दी वाढली असे सारे म्हणतील, पण वाढला असतो तो विलंब. हा नियम जॉन लिटल यांनी १९६१ साली गणिताने सिद्ध केला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वेबवरच्या कोणत्याही व्यवस्थेला तो जसाच्या तसा लागू पडतो.

रांगांचा दुसरा स्वभाव मात्र भल्याभल्यांना चकवतो. एकट्या वाचकाचे काम दोन मिनिटांत उरकणारा लेखनिक अर्धा वेळ व्यग्र असेल, आणि लोक आपल्या सवडीने केव्हाही येत असतील, तर रांगेसह सरासरी चार मिनिटे लागतात. तो शेकडा ८० व्यग्र झाला की दहा मिनिटे, ९० झाला की वीस, ९५ झाला की चाळीस! वर्दळ ९० वरून ९५ वर गेली, म्हणजे थोडीशीच वाढली, आणि खोळंबा मात्र दुप्पट झाला. यंत्रणा ‘अचानक’ कोसळली असे वृत्तपत्रांत छापून येते, त्यातला अचानकपणा बहुधा असा असतो. या शास्त्राचा पाया डेन्मार्कच्या आग्नर एर्लांग यांनी कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीसाठी काम करताना घातला. त्यांचा पहिला निबंध १९०९ चा. किती ग्राहकांमागे किती तारा ठेवल्या म्हणजे लोकांना फार खोळंबावे लागणार नाही, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. नव्वद वर्षांनी धारच्या सूचनालयांपुढे हाच प्रश्न उभा राहावा, हा योगायोग खरा. पण उत्तर जुने होते आणि उपलब्धही होते.

साधनेही उपलब्ध होती. अपाचे या मुक्तस्रोत परिवारातील ‘जेमीटर’ हे साधन स्टेफानो माझोक्की यांनी १९९८ साली लिहिले, म्हणजे ज्ञानदूतच्याही आधी. मुक्तस्रोत याचा अर्थ केवळ फुकट असा नाही. साधनाची मूळ संहिता उघडी असते, कोणीही ती वाचावी, तपासावी, आपल्या गरजेप्रमाणे बदलावी. २०११ साली ‘लोकस्ट’ आले. त्या शब्दाचा अर्थ टोळ. मे २०२० मध्ये पश्चिम मध्य प्रदेशावर उतरलेली टोळधाड ज्यांनी पाहिली, त्यांना हे नाव समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पुढे ‘गॅटलिंग’ आणि ‘के-सिक्स’ यांची भर पडली. या सर्वांचे काम मूलतः एकच : एका संगणकातून शेकडो-हजारो काल्पनिक माणसे निर्माण करणे, त्यांच्याकरवी प्रवेश, शोध, अर्ज, पावती हा सारा क्रम करवून घेणे आणि प्रत्येकाला उत्तर किती वेळात मिळाले, कोणाला मिळालेच नाही, याची नोंद ठेवणे. एक साधा संगणक आणि शिकण्याची तयारी असलेला एक माणूस एवढ्यावर हे काम सुरू होते. तेव्हा पैशाची सबब पुढे करणाऱ्याने दुसरी शोधावी.

परंतु साधन हाती आले म्हणजे चाचणी खरी होते असे नाही. खोटी भारचाचणी ही न केलेल्या चाचणीपेक्षा अधिक घातक, कारण तिच्या कागदावर सही-शिक्का असतो. चाचणी खोटी पडण्याचे सर्वांत सोपे कारण म्हणजे हजार काल्पनिक शेतकऱ्यांकरवी एकाच खसरा क्रमांकाची नक्कल मागणे. पहिल्या मागणीनंतर ते उत्तर संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत तयार असते. पुढील नऊशे नव्व्याण्णव जणांना ते क्षणार्धात मिळते आणि अहवालात सर्व आलबेल दिसते. प्रत्यक्षात प्रत्येकाचे शेत वेगळे असते.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. पुष्कळ चाचण्यांत काल्पनिक माणूस पहिले उत्तर मिळेपर्यंत पुढची मागणी करीत नाही. शंभर माणसे निर्माण केली आणि यंत्रणा तीस सेकंद गोठली, तर ते शंभर जण निमूटपणे थांबतात आणि अहवालात जेमतेम शंभर वाईट नोंदी उमटतात. खरी गर्दी इतकी शहाणी नसते. दर सेकंदाला पन्नास माणसे येत असतील तर त्या तीस सेकंदांत दीड हजार जण दाराशी जमा होतात. शिवाय कंटाळून तेच बटण पुन्हापुन्हा दाबणारे वेगळेच. म्हणून येणाऱ्यांचा ओघ उत्तराची वाट न पाहता चालू ठेवणारी रचना करावी लागते. तशी सोय या साधनांत आहे, पण ती मुद्दाम निवडावी लागते.

तिसरी गोष्ट सरासरीची. शंभरांपैकी नव्वद जणांना एका सेकंदात आणि दहा जणांना चाळीस सेकंदांत उत्तर मिळाले, तर सरासरी पाच सेकंदांच्या आतच भरते. अधिकारी समाधानाने फाईल मिटतात. ते दहा जण मात्र कोणत्याच रकान्यात दिसत नाहीत. म्हणून जाणकार सरासरीऐवजी शतमक पाहतात : शंभरांतील पंचाण्णवाव्या, नव्व्याण्णवाव्या माणसाला किती वेळ लागला? शेवटून मोजण्याची ही रीत लोकशाहीला अधिक साजेशी आहे.

आणि चौथी गोष्ट थेट धारकडे नेते. चाचणी बहुधा मुख्य संगणकाच्या शेजारच्या खोलीतून, उत्तम तारेवरून होते. खेड्यातला अर्ज त्या खोलीतून येत नाही. तो दुबळ्या जोडणीवरून, तुटत-जुळत येतो. प्रत्येक मागणी अधिक काळ उघडी राहते आणि लिटलच्या नियमाप्रमाणे दाराशी गर्दी वाढवते. जेमीटरमध्ये जोडणीचा वेग हेतुपुरस्सर मंद करण्याची सोय आहे. ती न वापरता दिलेला अहवाल धार शहरापुरता खरा असेल, कुक्षी-गंधवानीपुरता नव्हे. वीज गेल्यावर काय होते, हे तर कोणतेच साधन सांगत नाही. तेथे सूचकापाशीच जाऊन बसावे लागते.

देवासकडे वळल्यावाचून हा विषय पुरा व्हायचा नाही. संस्थानी काळात या एकाच गावात पवारांच्या दोन गाद्या नांदल्या : थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार. संगणकाच्या क्षेत्रात भार वाढला की हाच उपाय सुचवला जातो. एका सर्व्हरचे दोन करावेत आणि आलेल्या माणसांना निम्मे-निम्मे वाटून द्यावे. उपाय चांगला आहे. पण देवासला दोन पात्या असल्या तरी टेकडी एकच. नवरात्रात तुळजाभवानीच्या आणि चामुंडेच्या दर्शनाला थोरलीचा माणूस निघो की धाकटीचा, दोघांची गाठ चढणीवर पडायचीच. दोन सर्व्हरांमागे माहितीचे कोठार, ज्याला डेटाबेस म्हणतात, ते एकच राहिले तर गर्दी तेथे जाऊन साचते. सर्व्हर चाराचे आठ केले तरी फरक पडत नाही, उलट टेकडीच्या पायथ्याशी चेंगराचेंगरी वाढते. भारचाचणीचा खरा लाभ हाच की ओघ टप्प्याटप्प्याने वाढवत नेला असता अडचण दाराशी आहे, जिन्यात आहे की गाभाऱ्यात, ते उमगते. अंदाजाने नवी यंत्रे विकत घेण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

मोठ्यांचीही यातून सुटका झालेली नाही. अमेरिकेतील आरोग्यविम्याचे सरकारी संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी उघडले आणि पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. उद्‌घाटनाआधीच्या चाचणीत काही शेकडा लोकांच्या भारानेच ते कोसळले होते. चाचणी झाली होती, तिचे ऐकले गेले नाही. भारतात २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता अठरा वर्षांवरील सर्वांसाठी ‘कोविन’वर लसीची नोंदणी खुली झाली तेव्हा आरंभी संकेतस्थळ अडखळले, तरी त्याच दिवसात एक कोटीहून अधिक नोंदण्या झाल्या. महाराष्ट्रात २१ मे २०२५ रोजी अकरावीच्या राज्यव्यापी ऑनलाइन प्रवेशाचे संकेतस्थळ पहिल्याच दिवशी ठप्प झाले आणि नोंदणी २६ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. तेथे तारीख वाढवून मिळाली. सर्वत्र ती मिळते असे नाही.

मध्य प्रदेशात या प्रश्नाला कायद्याची बाजूही आहे. लोकसेवा ठरावीक मुदतीत देण्याची हमी कायद्याने देणारे हे देशातील पहिले राज्य. तो कायदा २०१० चा. मुदतीत दाखला न देणाऱ्या अधिकाऱ्याला दंडाची तरतूद त्यात आहे. पण मुदत मोजायची ती अर्ज दाखल झाल्यापासून. पडद्यावर चक्र फिरत राहिले आणि अर्ज दाखलच झाला नाही, तर मुदत सुरूच होत नाही. नागरिकाचा हक्क त्या फिरत्या चक्रात अडकतो आणि त्याची नोंद कोठेही राहत नाही. म्हणून भारचाचणी ही केवळ तंत्रज्ञांची बाब समजू नये.

ग्रंथालयांपुरते बोलायचे तर ‘कोहा’ ही मुक्तस्रोत ग्रंथालय-प्रणाली न्यूझीलंडमध्ये जानेवारी २००० मध्ये, म्हणजे ज्ञानदूतच्याच महिन्यात, प्रथम वापरात आली आणि भारतातील अनेक ग्रंथालयांनी ती स्वीकारली आहे. जेथे अशी वेबसूची असेल, तेथे वार्षिक वर्गणीचे दिवस किंवा परीक्षांचा हंगाम येण्यापूर्वी जेमीटर लावून पाहण्यास हरकत नसावी. मात्र दोन पथ्ये पाळावीत. एक, चाचणी वाचकांच्या वापराच्या वेळी करू नये, आणि शक्य तर मूळ सूचीच्या नकलेवर करावी. दुसरे, दुसऱ्याच्या संकेतस्थळावर परवानगीवाचून कृत्रिम गर्दी सोडू नये, कारण ती चाचणी न राहता हल्ला ठरतो. आरंभ दहा काल्पनिक वाचकांपासून करावा, मग वीस, मग चाळीस. शोध शब्द दर वेळी वेगळे घ्यावेत, कधी ज्ञानेश्वरी, कधी रेल्वेचे वेळापत्रक. पंचाण्णवाव्या वाचकाला लागणारा वेळ ज्या आकड्यापाशी एकाएकी चढू लागतो, तो आकडा कागदावर लिहून ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवावा आणि सूचीत, यंत्रात वा जोडणीत काहीही बदल झाला की पुन्हा मोजावा.