पेटीला दोन कुलपं, संगणकाला राखणदार एक

गुरांचं आवरून, भांडी घासून आता रेडिओजवळ टेकलेल्या सगळ्या ताई-मावश्यांना नमस्कार. आज मी कर्जाच्या हप्त्यावर किंवा शेळ्यांच्या लसीकरणावर बोलणार नाही. आज बोलायचंय प्रभागसंघाच्या कार्यालयातल्या संगणकाबद्दल. लगेच उठून जाऊ नका. ज्यांनी संगणकाला कधी बोटसुद्धा लावलं नाही, त्यांच्याही बचतीचा हिशोब आता त्याच डब्यात आहे.

गेल्या मार्चअखेरची गोष्ट. सात गटांची कर्जप्रकरणं बँकेत द्यायची होती आणि आमचा संगणक रुसला. बटण दाबून चहा करून प्यायला तरी पडदा पूर्ण उघडायचा नाही. एक्सेलची फाईल उघडायला घेतली की नुसतं गोल चक्र फिरत राहायचं. आणि एका सकाळी बचतीच्या हिशोबाची फाईलच जागेवर नाही! सगळ्यांची बोटं एकीकडेच वळली, आमच्या ऑपरेटर मुलीकडे. बारावी झालेली, शेजारच्या गावाहून येणारी साधी पोर. "हिनंच काहीतरी दाबलं असेल." मीही तिला चारचौघीत बोलले, हे आज इथं कबूल करते. ती दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी आलीच नाही.

खरं कारण निघालं वेगळंच. आमच्या कोषाध्यक्ष ताईंनी कुठंतरी ऐकलं की पेन ड्राईव्हमधून व्हायरस येतो. संगणकात अँटीव्हायरस होता, त्याची मुदतही बाकी होती. तरी त्यांनी तालुक्याच्या गावाहून माणूस बोलावून दुसरा बसवून घेतला. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. ताईंचा विचारही वाईट नव्हता बरं का. त्या म्हणाल्या, "गटाची पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या घरी. दोन कुलपं असली की चोराला दुप्पट कष्ट. मग संगणकाला दोन का नकोत?"

पण कुलूप लावलं की गप्प लटकत राहतं. अँटीव्हायरस तसा गप्प बसत नाही. तो जागल्यासारखा सारखा फिरत असतो. तुम्ही कोणतीही फाईल उघडली, की ती तुमच्यापर्यंत येण्याआधी तो मध्येच अडवतो, तपासतो, मग सोडतो. आता असे दोन जागले एकाच वाटेवर उभे केले तर? एकानं तपासायला फाईल हातात घेतली की तो तिला हात लावतोय म्हणून दुसरा धावतो. शिवाय प्रत्येकाजवळ चोरांच्या खुणांची वही असते. त्या खुणा बघून एकाला दुसराच चोर वाटू शकतो. एकानं पकडून कोंडून ठेवलेली फाईल दुसऱ्याला सापडली की तो पुन्हा आरडाओरडा करतो. आणि आमच्या संगणकाची मेमरी ४ जीबी. दोघांच्या झटापटीतच ती संपायची, आमच्या कामाला काय उरणार?

आमची हिशोबाची फाईल अशीच कोंडली गेली होती. तिच्यात आपोआप बेरजा करणारे मॅक्रो होते. काही व्हायरसही मॅक्रोत लपून येतात, म्हणून तिच्यावर संशय घेतला गेला. अँटीव्हायरसमध्ये 'क्वारंटाइन' नावाची जागा असते, म्हणजे संशयितांची कोठडी. फाईल तिथं होती, पुसली गेलेली नव्हती. फाईल गायब झाली तर आधी तिथं बघायचं, मग माणसाला बोल लावायचा. तिथून फाईल परत आणता येते. मात्र ती आपलीच आहे याची खात्री असेल तरच. अनोळखी माणसानं पाठवलेली असेल तर कोठडीतच राहू द्या.

मग दोन ठेवायचेच नाहीत का? ठेवता येतात, पण पहारा एकानंच द्यायचा. दुसरा तपासनीस म्हणून बोलावल्यावरच यावा. आपल्या लेखापरीक्षकासारखा. तो रोज पेटीजवळ बसत नाही, वर्षातून येतो आणि वह्या बघून जातो.

यासाठी वेगळे पैसेही लागत नाहीत. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आधीपासून असतो, फुकट. तुम्ही दुसरा अँटीव्हायरस बसवला की डिफेंडर सहसा आपणहून पहारा सोडून बाजूला होतो. त्यामुळे तो आणि बाहेरचा एक अशी जोडी बहुतेक वेळा भांडत नाही. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये गेलात, तर 'पिरियॉडिक स्कॅनिंग' असं एक बटण दिसेल. ते चालू केलं की डिफेंडर अधूनमधून येऊन तपासणी करून जातो. झाला आपला लेखापरीक्षक. मालवेअरबाइट्सची फुकटची आवृत्तीही अशीच, सांगितल्यावर तपासते, पहारा देत नाही. भांडण लागतं ते बाहेरचे दोन्ही पहारेकरी एकदम बसवले की.

दोन्ही ठेवलेच, तर तपासणीच्या वेळा वेगळ्या लावा. एकाची सोमवारी दुपारी, दुसऱ्याची शुक्रवारी, आणि तेव्हा वीज असेल हे बघा. प्रत्येकाच्या 'एक्सक्लूजन' यादीत दुसऱ्याचा फोल्डर टाका, म्हणजे "हा आपला माणूस आहे, याला धरू नको" असं सांगितल्यासारखं होतं. यादीत तेवढंच टाका. आमच्याकडे एकीनं कटकट नको म्हणून अख्खा डी ड्राईव्ह टाकला होता! मग पहारा कशाचा?

एक काढायचा असेल तर त्याचा फोल्डर डिलीट करू नका. सेटिंग्जमध्ये 'ॲप्स'मध्ये जाऊन 'अनइन्स्टॉल' करा आणि संगणक बंद करून पुन्हा चालू करा. त्याआधी खोक्यावरचा की क्रमांक वहीत उतरवून ठेवा. मुदत शिल्लक असेल तर पैसे वाया जात नाहीत. उरलेलं नीट निघालं नाही, तर बहुतेक कंपन्यांचं काढण्याचं वेगळं साधन त्यांच्याच संकेतस्थळावर मिळतं.

अँटीव्हायरस म्हणजे परदेशातलं काहीतरी, असं कुणाला वाटत असेल तर जाता जाता सांगते. क्विक हील ही कंपनी आपल्या पुण्याची. ती उभी करणारे कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण सोडून ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. धाकटे भाऊ संजय संगणक शिकले आणि १९९० च्या दशकात दोघांनी मिळून अँटीव्हायरस बनवला. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. आपल्या पोरींना हे सांगत जा.

आणखी एक. व्हायरसटोटल नावाचं संकेतस्थळ आहे. तिथं एक फाईल टाकली की साठ-सत्तर अँटीव्हायरस ती तपासून आपापलं मत देतात. संशयाच्या फाईलसाठी उत्तम. पण तिथं टाकलेली फाईल इतर कंपन्यांनाही बघायला मिळते. म्हणून सदस्यांचे आधार क्रमांक, खाते क्रमांक असलेली फाईल तिथं कधीच टाकू नका.

आणि विंडोज १० वापरणाऱ्यांनी लक्षात घ्या, १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनं त्याचा नेहमीचा आधार बंद केला. भिंतीलाच भोक असेल तर जागला किती धावणार? संगणक ११ ला चालतो का, ते जाणकाराकडून बघून घ्या.

मोबाईलवर मात्र आपण स्वतःच दार उघडतो. लग्नपत्रिका म्हणून, चलन म्हणून, शेतकरी योजनेच्या नावानं व्हॉट्सॲपवर एपीके फाईल येते आणि आपण दाबतो. तिथं दोन काय, चार अँटीव्हायरस असले तरी ओटीपी आपणच सांगितला तर उपयोग नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

आमची सातही प्रकरणं वेळेत गेली. फाईल कोठडीतून काढायला ऑपरेटर मुलगीच लागली. कोषाध्यक्ष ताई आणि मी तिच्या घरी गेलो, तिच्या आईसमोर माफी मागितली. ती आली, बसली आणि पहिलं काम तिनं काय केलं असेल? हिशोबाची एक प्रत वेगळ्या पेन ड्राईव्हवर काढली आणि तो ताईंच्या हातात दिला. तो आता गटाच्या पेटीत असतो, दोन कुलपांच्या आत.