विकत घेतलेला दुवा

अनोळखी गांवीं गेलेला मनुष्य तेथील चांगला वैद्य कोणता, हें दारावरच्या पाटीवरून ठरवीत नाहीं. तो चार लोकांस विचारतो. आणि त्या चारांतहि धर्मशाळेच्या ओट्यावर बसलेल्या रिकामटेकड्याच्या शब्दापेक्षां गांवच्या मास्तरांच्या किंवा पोस्टमास्तरांच्या शब्दास तो अधिक मान देतो. शिफारस किती जणांनीं केली हें जितकें महत्त्वाचें, तितकेंच ती कोणीं केली हेंहि महत्त्वाचें. व्यवहारांतील ही जुनी रीत आज इंटरनेटवरील शोधाच्या मुळाशीं आहे. आपलें दुकान इंटरनेटवर लोकांच्या नजरेस पडावें असें ज्या व्यापाऱ्यास वाटतें, त्यानें प्रथम ती समजून घ्यावी. कारण अशा शिफारशी मिळवून देण्याचा आतां एक स्वतंत्र धंदा झाला आहे. त्यास लिंक बिल्डिंग म्हणतात. आणि त्या धंद्यांत सचोटीचे लोक जसे आहेत, तसे भोंदूहि आहेत.

इंटरनेटवरील एका पृष्ठावरून दुसऱ्या पृष्ठाकडे नेणारी जी वाट, तिला इंग्रजींत लिंक व मराठींत दुवा हें नांव आहे. प्रारंभींचीं शोधयंत्रें मुख्यतः पृष्ठावरील शब्द पाहात. त्यामुळें ज्यानें आपल्या पृष्ठावर ‘उत्तम घड्याळें’ हे शब्द शंभर वेळां लिहिले, तो घड्याळांच्या शोधांत वर येई. मग घड्याळें चांगलीं असोत वा नसोत. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत १९९६ च्या सुमारास लॅरी पेज व सर्गेई ब्रिन ह्या दोन विद्यार्थ्यांनीं ह्यावर निराळा उपाय काढला. विद्वानांच्या जगांत एखाद्या निबंधाचें महत्त्व, इतर निबंधांत त्याचा उल्लेख किती वेळां झाला ह्यावरून अजमावण्याची पद्धति पूर्वीपासून होती. यूजीन गारफील्ड ह्यांची अशा उल्लेखांची प्रचंड सूची १९६४ पासून प्रसिद्ध होऊं लागली होती. पेज व ब्रिन ह्यांनीं तोच न्याय इंटरनेटच्या पृष्ठांस लावला. एका पृष्ठानें दुसऱ्यास दिलेला दुवा म्हणजे एक शिफारस, असें त्यांनीं धरलें. त्यांच्या गणितास पेजरँक हें नांव मिळालें, आणि १९९८ च्या सप्टेंबरांत गूगल कंपनी स्थापन झाली.

ह्या गणितांतील दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, दुवा देणाऱ्या पृष्ठाची स्वतःची प्रतिष्ठा जितकी मोठी, तितकें त्याच्या शिफारशीस वजन अधिक. दुसरी ही कीं, तें वजन त्या पृष्ठावरील सर्व दुव्यांत वांटलें जातें. म्हणजे जो येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांचीच शिफारस करतो, त्याच्या एकेका शिफारशीची किंमत क्षुल्लक होते. आज गूगल कंपनी पृष्ठांचा क्रम लावतांना इतर अनेक गोष्टींचा विचार करते. तथापि दुव्यांचा विचार तिनें सोडलेला नाहीं.

जेथें शिफारशीस किंमत येते, तेथें शिफारस विकणाराहि उभा राहतो. कोणी निरुपयोगी संकेतस्थळांचें जाळें उभारून त्यांवरून गिऱ्हाइकांस दुवे देऊं लागले. कोणी मालकांनीं सोडून दिलेलीं जुनीं, नांवाजलेलीं स्थळनामें विकत घेऊन त्यांच्या पूर्वपुण्याईवर दुकान मांडूं लागले. कोणी लेखाच्या मिषानें पैसे घेऊन दुवे घुसडूं लागले. २००५ च्या जानेवारींत गूगल, याहू व एमएसएन ह्या कंपन्यांनीं ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली. ज्या दुव्यास ती लावली, तो शिफारस समजूं नये, असा तिचा अर्थ. पुढें २०१९ सालीं पैसे देऊन मिळविलेल्या दुव्यांसाठीं गूगलनें ‘स्पॉन्सर्ड’ अशी वेगळी खूण काढली. ह्यावरून एक तत्त्व स्पष्ट होतें. जाहिरात करणें हा अपराध नव्हे. जाहिरातीवर निरपेक्ष शिफारशीचा अंगरखा चढविणें हा अपराध होय.

हा अपराध किती महाग पडतो, ह्याचें उदाहरण अमेरिकेंतच घडलें. जे. सी. पेनी ही तेथील जुनी व मोठी दुकानदार कंपनी. २०१० च्या नाताळाच्या हंगामांत कपडे, अंथरुणें, गालिचे अशा नाना वस्तूंच्या शोधांत तिचें नांव अग्रभागीं दिसूं लागलें. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ ह्या वृत्तपत्रास ह्या यशाचें नवल वाटलें. त्यानें जाणकाराकडून शोध करविला आणि २०११ च्या फेब्रुवारींत सर्व हकीकत छापली. दोन हजारांहून अधिक पृष्ठांवर ह्या कंपनीकडे नेणारे दुवे पेरलेले आढळले. आणि त्यांपैकीं पुष्कळ स्थळांचा कपड्यांशीं वा गालिच्यांशीं कसलाहि संबंध नव्हता. हे दुवे आपल्या संमतीनें घातलेले नाहींत, असें कंपनीनें सांगितलें व शोधाच्या कामासाठीं नेमलेल्या सल्लागारांस निरोप दिला. परंतु शिक्षा सल्लागारांस झाली नाहीं. ती कंपनीच्या संकेतस्थळास झाली. एका प्रवासी पेटीच्या शोधांत सायंकाळीं सात वाजतां पहिल्या क्रमांकावर असलेली कंपनी दोन तासांनीं एकाहत्तराव्या क्रमांकावर गेली.

ह्या कथेचें मर्म शेवटच्या दोन वाक्यांत आहे. दलाल निवडतांना केलेल्या चुकीचें फळ मालकास भोगावें लागतें. मोठ्या कंपनीस तिचीं शेंकडों दुकानें सांवरून धरतात. लहान व्यापाऱ्यास, ज्याचें सारें गिऱ्हाईक शोधांतूनच येतें, सांवरून धरणारें कोणी नसतें. २४ एप्रिल २०१२ रोजीं गूगलनें ‘पेंग्विन’ नांवाची सुधारणा अंमलांत आणली, तेव्हां असे बनावट दुवे जमविलेल्या अनेक लहानमोठ्या स्थळांचा क्रम एकाएकीं घसरला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत नको असलेले दुवे नाकारण्याची सोयहि कंपनीनें करून दिली. २०१६ पासून धोरण थोडें पालटलें. खोट्या दुव्यांबद्दल दर वेळीं शिक्षा करण्यापेक्षां ते हिशेबांतच न धरणें, ही रीत पडली. आणि २०२२ च्या डिसेंबरांत विकत घेतलेले दुवे हुडकण्याचें काम स्पॅमब्रेन ह्या यंत्रणेकडेहि सोंपविण्यांत आलें. तात्पर्य, आज खोटा दुवा घेणाऱ्याचा क्रम बहुधा घसरत नाहीं, पण पैसे बुडतात. आणि प्रकार उघड व मोठा असला, तर तपासनीस प्रत्यक्ष शिक्षा करतात ती वेगळीच.

मग खरा दुवा कसा असतो? समजा, देवगडच्या एका बागाइतदारानें आपले हापूस आंबे विकण्यासाठीं संकेतस्थळ काढलें आहे. त्यानें आपल्या बागेंतील मोहोराची, तुडतुड्यांची व अवकाळी पावसाची पांच वर्षांची नोंद त्यावर मांडली. एखाद्या कृषि महाविद्यालयाच्या प्राध्यापकांस ती उपयुक्त वाटली व त्यांनीं विद्यार्थ्यांसाठीं तिचा दुवा दिला. एखाद्या वृत्तपत्रानें आंब्याच्या हंगामावर लिहितांना तिचा आधार घेतला. पुण्यांतील एखाद्या पाककृति लिहिणाऱ्या बाईंनीं अस्सल हापूस ओळखावा कसा, हें सांगतांना त्याच्या पृष्ठाकडे बोट दाखविलें. हे तीन दुवे झाले. त्यांपैकीं एकहि विकत घेतलेला नाहीं, आणि प्रत्येक देणाऱ्यास तो देण्याचें स्वतःचें कारण आहे. ह्याच्या उलट परदेशांतील जुगाराच्या आणि औषधांच्या पृष्ठांवर, कोणी वाचीत नाहीं अशा मजकुरांत, ‘देवगड हापूस स्वस्त दरांत’ हे शब्द तीनशें ठिकाणीं छापले गेले, तर तीनशें दुवे होतील. पण त्यांतून एकहि पेटी विकली जाणार नाहीं.

चांगला सल्लागार ह्या तीन दुव्यांचें काम करतो. सांगण्याजोगें काय आहे तें तो मालकाकडून काढून घेतो, तें नीट मांडवितो, आणि ज्यांस त्याचा उपयोग होईल अशा संपादकांस, अभ्यासकांस व संस्थांस तें कळवितो. हें काम सावकाशीचें आहे. शोधाच्या कामांतील सुधारणेचें फळ दिसण्यास बहुधा चार महिन्यांपासून एक वर्षापर्यंत अवधि लागतो, असें गूगलच्या माणसांनींच सांगितलेलें आहे. म्हणून जो आठवड्यांत पहिला क्रमांक देण्याची हमी घेतो, त्यास तेथूनच नमस्कार करावा. पहिल्या क्रमांकाची हमी कोणासहि देतां येत नाहीं, हेंहि गूगलनें स्पष्ट केलेलें आहे.

हमी न देणारा प्रत्येक जण सज्जन असतो असें मात्र नाहीं. म्हणून सौदा करण्यापूर्वीं त्यास कांहीं प्रश्न विचारावे. दुवे कोणत्या स्थळांवर येणार, आणि तेथील मालक ते कशाकरितां देणार, हा पहिला प्रश्न. ‘आमच्या ओळखी आहेत, नांवें सांगतां येत नाहींत’ असें उत्तर आलें, तर तेथें खासगी जाळें आहे असें समजण्यास हरकत नाहीं. पूर्वीं मिळविलेल्या चार दुव्यांचे नमुने मागावे व तीं पृष्ठें स्वतः उघडून वाचावीं. त्यांवर शहाण्या माणसानें वाचण्यासारखा मजकूर आहे काय? एकाच पृष्ठावर आंबे, कर्ज, जुगार आणि केसांचें तेल ह्यांचे दुवे शेजारी शेजारी नांदत आहेत काय? ह्या परीक्षेस यंत्र लागत नाहीं. डोळे पुरेसे आहेत.

दर कसा सांगितला जातो, इकडेहि लक्ष द्यावें. ‘अमुक रुपयांत पांचशें दुवे’ असा भाव सांगणारा शिफारशी विकीत नाहीं, रद्दी विकतो. कांहीं सल्लागार ‘डोमेन अथॉरिटी’ नांवाचा आंकडा पुढें करितात. हा आंकडा मॉझ नांवाच्या एका खासगी कंपनीनें बसविलेला अंदाज आहे. तुलनेसाठीं तो उपयोगी पडतो, पण गूगल कंपनी क्रम लावतांना तो वापरीत नाहीं. कृत्रिम दुव्यांनीं तो फुगवितांहि येतो. दुव्याचे शब्द काय असतील, हेंहि विचारावें. खरे लोक कधीं दुकानाचें नांव लिहितात, कधीं ‘येथें पाहा’ म्हणतात, कधीं पृष्ठाचा मथळा उतरवितात. शंभर माणसांनीं शंभर ठिकाणीं तेच चार विक्रीचे शब्द लिहिले, तर तीं शंभर माणसें नसून एकच हात आहे, हें शाळेंतील परीक्षकहि ओळखील.

शेवटीं करार. मिळालेल्या प्रत्येक दुव्याचा पत्ता दर महिन्यास लेखी द्यावा, आणि पैसे देऊन मिळविलेल्या दुव्यास योग्य खूण लावलेली असावी, अशीं कलमें त्यांत घालावीं. गूगलचें ‘सर्च कन्सोल’ हें मोफत साधन मालकानें स्वतःच्या नांवानें उघडावें व सल्लागारास त्यांत मर्यादित प्रवेश द्यावा. आपल्याकडे कोठून दुवे येतात ह्याचा नमुना त्यांत पाहावयास मिळतो, आणि शिक्षेची सूचना आली तर तीहि तेथेंच येते. किल्ली मालकाच्या कमरेला असावी, हा घरचा नियम येथेंहि लागू आहे. ज्याच्या स्थळावर अद्याप वाचण्यासारखें कांहींच नाहीं, त्यानें तर सल्लागार शोधूंच नये. तो पैसा चांगलीं छायाचित्रें, खरी माहिती आणि गिऱ्हाइकाच्या पत्रास वेळेवर उत्तर देणारा एक मनुष्य, ह्यांवर खर्च करावा.

मराठींत दुवा ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक सांखळींतील कडी. दुसरा अंतःकरणापासून दिलेला आशीर्वाद. पहिला दुवा बाजारांत डझनांनीं मिळतो. परंतु शोधयंत्रानें जो मोजूं पाहिला तो मूळचा दुसरा. कोणाचें तरी काम झालें, कोणास तरी समाधान वाटलें, म्हणून आपण होऊन दिलेला. जो सल्लागार व्यापाऱ्यास असा दुवा मिळविण्यास पात्र करतो, त्याचें वेतन आनंदानें द्यावें. जो तो पुडीत बांधून आणून देण्याची भाषा करतो, त्यास चहा पाजून वाटेस लावावें.