गळ्याआधी मन सांभाळा

(शताब्दी सप्ताहात गायक, वादक व टाळकरी मंडळींपुढे केलेले भाषण)





आम्ही चौथीपर्यंत शिकलो. पुढं पालखेडच्या कालव्याला आवर्तन कधी येतं याची वाट पाहायची, कांदे लावायचे आणि कीर्तन करायचं, यातच जन्म गेला. मंडळी म्हणाली, महाराज, दिंडीला शंभर वर्षं झाली, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरांसाठी दोन शब्द बोला. तर गाणं कसं म्हणावं हे सांगायला इथं आमच्यापेक्षा मोठे गायनाचार्य बसले आहेत. आम्ही गाणाऱ्याच्या मनाविषयी बोलणार आहोत. गळ्याला काय झालं तर आपण ज्येष्ठमध देतो, हळदीचं दूध देतो. पखवाजाची शाई उडाली तर नाशिकला नेऊन भरून आणतो. पण वाजवणाऱ्याचं मन दुखलं तर काय करायचं, हे आपण कधी ठरवलंच नाही.

गेल्या काही वर्षांतली गोष्ट आहे. आपल्या पंचक्रोशीतलं एक पोरगं. हात फार गोड. एका गावच्या सप्ताहात चाल वाढली, गर्दी मोठी, आणि पोराची सम चुकली. कीर्तनकार महाराजांनी भर कीर्तनात हात वर करून थांबवलं आणि लोकांसमोर चार शब्द सुनावले. लोक हसले. कुणीतरी मोबाईलवर ते घेतलं आणि सकाळपर्यंत ते गावोगावच्या ग्रुपवर फिरलं. पोरानं पखवाजाला खोळ घातली ती काढलीच नाही. जेवण कमी झालं, झोप गेली, मळ्यात एकटंच बसायला लागलं. आई म्हणे, याला बाहेरचं झालं. बाप म्हणे, नाटकं करतो. माउली, त्याला बाहेरचं बी झालं नव्हतं आणि ते नाटक बी नव्हतं. मनाला लागलं होतं.

आता कुणी म्हणेल, वारकऱ्याला कसला मान आणि कसला अपमान? बरोबर आहे. पण ती पायरी शेवटची आहे. पहिल्या पायरीवरच्या पोराला शेवटच्या पायरीचा उपदेश करून भागत नाही. संतांनासुद्धा लागलं होतं. ज्ञानोबा माउलींना लोक टाकून बोलले, तेव्हा माउली ताटी लावून आत बसले, ही कथा तुम्हा-आम्हाला पाठ आहे. मुक्ताई त्या वेळी काय करते बघा. ती दार मोडत नाही, ओरडत नाही, भावाला लाज वाटेल असं चारचौघांत काही बोलत नाही. दाराबाहेर उभी राहते आणि गोडीनं बोलत राहते, ताटी उघडेपर्यंत. वयानं भावंडांत सर्वांत धाकटी, पण काम केलं थोरल्याचं.

दुसरा दृष्टांत नामदेव महाराजांचा. गोरोबाकाकांच्या घरी संतांचा मेळा, आणि थापटणं डोक्यावर मारून मडकं कच्चं ठरलं ते नामदेवांचं. सगळ्या संतांसमोर! नामदेव दुखावले. पण त्यांनी मनातल्या मनात कुढत न बसता पंढरीला जाऊन देवाला सांगितलं. देवानं विसोबा खेचरांकडे पाठवलं. गुरू भेटले, आणि मग तेच नामदेव कीर्तन घेऊन पंजाबात घुमानपर्यंत गेले. आज शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. कच्चं ठरलेलं मडकं तिथवर गेलं, कारण दुखणं सांगायला जागा होती आणि ऐकणारा होता.

शास्त्रीय गाणाऱ्यांचं घ्या. पंडित कुमार गंधर्व, जन्म १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावीचे. लहानपणीच मोठे गवई म्हणून गाजले. ऐन तारुण्यात क्षयानं धरलं, फुफ्फुस खराब झालं. १९४८ साली हवापालटासाठी देवासला गेले आणि पाच-सहा वर्षं गाणं बंद. गवयाला गाऊ नको म्हणायचं म्हणजे नांगर्‍याला जमीन दिसू द्यायची आणि औत सोडून घ्यायचं. पण अंथरुणावर पडल्या-पडल्या त्यांनी कान उघडे ठेवले. माळव्यातल्या बाया जी गाणी म्हणायच्या, फकीर-जोगी जी निर्गुणी भजनं म्हणायचे, ती ते ऐकत राहिले. पत्नी भानुमतीबाईंनी सेवा केली. उठल्यावर जुन्यासारखा दमसास राहिला नव्हता, तर जेवढा श्वास आहे तेवढ्यात बसेल असं गाणं त्यांनी उभं केलं, आणि ते जगानं डोक्यावर घेतलं.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचं. लहानपणी फटाक्यानं दृष्टी अधू झाली. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढं मुंबईला मोठी इमारत बांधली, आणि कर्जापायी ती लिलावात गेली. जन्माची कमाई डोळ्यांदेखत गेली. मग ते नाशिकला पंचवटीत आले आणि रामनाम आधाराश्रम काढून रामनामात रमले. शिकवणं सोडलं नाही. एवढ्या मोठ्या माणसालाही पडल्यावर टेकायला जागा लागली, हे लक्षात घ्या.

आता पोरांनो, तुमच्यासाठी. कीर्तनाला उभं राहायच्या आधी छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, बोटं गार होतात. हे भित्रेपण नव्हे. सगळ्यांना होतं, आम्हाला चाळीस वर्षांनंतर आजही होतं. यावर उपाय साधे आहेत. अर्धा तास आधी या, वाद्य निवांत मिळवून घ्या, कणीक लावता-लावता मन जाग्यावर येतं. श्वास सावकाश घ्या आणि घेतला त्यापेक्षा सावकाश सोडा. पहिली चाल सोपी आणि ठायीत घ्या. दुसऱ्याची पट्टी काळी चार असली म्हणून आपला गळा ताणू नका. आणि धीर यावा म्हणून तंबाखू, दारू किंवा कुणी दिलेली गोळी, यांच्या वाटेला जाऊ नका. आज धीर देईल, उद्या तिच्यावाचून उभं राहता येणार नाही.

चूक झाली तर? आपल्या येवल्यात पैठणीच्या मागावर जाऊन बघा. धागा तुटतो. विणकर धागा जोडतो आणि पुन्हा धोटा फेकतो. तुटला म्हणून कुणी माग जाळत नाही. सम चुकली तर पुढच्या आवर्तनात धरा.

आणि थोर मंडळींनो, आता आपल्याकडं. वारकऱ्याची रीतच अशी आहे की बाप लेकाच्या पाया पडतो, गुरू शिष्याच्या पाया पडतो. मग वीणा खाली ठेवताच आपण थोर आणि ते पोर, असं कसं चालेल? शताब्दीच्या निमित्तानं दिंडीनं तीन गोष्टी ठरवाव्यात, अशी आमची हात जोडून विनंती आहे. पहिली, भर कीर्तनात कुणाला टाकून बोलायचं नाही. चूक सांगायची ती कीर्तन संपल्यावर, बाजूला घेऊन, आणि आधी काय चांगलं झालं ते सांगून. दुसरी, कुणाच्या चुकीचं चित्रण आपल्या दिंडीतला माणूस पुढं पाठवणार नाही. तिसरी, कुणी गायक, वादक, टाळकरी दोन एकादश्या दिसला नाही, तर दोघांनी त्याच्या घरी जायचं. उपदेश करायला नव्हे. चहा घ्यायचा, पिकाचं बोलायचं, आणि तो बोलला तर ऐकायचं.

आणि जेवण-झोप पंधरा दिवस गेलेली असेल, जीव नकोसा झाला असं कुणी बोललं, तर अंगारा-धुपाऱ्यावर थांबू नका. डॉक्टरकडे न्या. सरकारचा टेली-मानस म्हणून फोन आहे, नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत. ताप आल्यावर आपण दवाखान्यात जातो, तेव्हा देवावरचा विश्वास कमी होत नाही. इथंही होणार नाही.

त्या पोराचं काय झालं म्हणाल. दिंडीतले एक म्हातारे टाळकरी रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचे. पखवाजाचं नावसुद्धा काढत नसत. एक दिवस म्हणाले, बाबा, माझे टाळ जरा सैल झालेत, दोरी बांधून दे. त्यानं बांधून दिली. नाशिकच्या डॉक्टरांकडेही ते म्हातारेच सोबत गेले. पोरगं अजून कीर्तनात वाजवत नाही. पण काकड्याला येतं, मागं बसून टाळ धरतं. आम्हाला घाई नाही. त्याचा पखवाज दिंडीनं नीट मिळवून ठेवला आहे.

बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर लेकरू समजून पदरात घ्या.

रामकृष्णहरी.