भार आणि वंगण
(वार्षिक संमेलनातील भाषण)



सातारा-सांगलीकडील वडीलधाऱ्यांना बैलगाडीखाली टांगलेला वंगणाचा नळा आठवत असेल. चाकाला वंगण घालण्यास विसरलेला गाडीवान बैलांना विनाकारण शिणवी आणि अखेर आसही झिजवून बसे. आज आम्ही त्याच वंगणाविषयी दोन शब्द सांगणार आहोत. मात्र गाडीच्या जागी पूल आणि धरण आहेत.

पूल अचल दिसतो, पण तो अचल नसतो. तीस मीटर लांबीची पोलादी तुळई तीस अंशांनी तापली की सुमारे अकरा मिलिमीटर वाढते. तिला सरकावयास वाव न दिला, तर ती आपल्याच खांबांना रेटू लागते. म्हणून तुळई आणि खांब यांच्यामध्ये बेअरिंग ठेवतात. पूर्वी तेथे लोखंडी रूळ असत. पुढे रबराच्या गाद्या आल्या. १९३८ साली सापडलेल्या टेफ्लॉन या निसरड्या द्रव्याची चकती गुळगुळीत पोलादावर बसविली, म्हणजे शंभर टनांचा भारही तीन ते पाच टनांच्या जोराने सरकतो.

आता आपल्या कोयनेकडे वळू. पाटण तालुक्यातील या १०३ मीटर उंचीच्या धरणास सहा वक्र दरवाजे आहेत. अशा दरवाजावरील पाण्याचा सारा रेटा पोलादी बाहूंतून दोन्ही बाजूंच्या खिळींवर येतो, आणि दरवाजा उघडताना त्या भाराखालीच तेथे फिरतो. खीळ गंजली, तर फिरण्यास होणारा अडथळा बाहूंना वाकवू पाहतो.

ही केवळ कल्पना नव्हे. १७ जुलै १९९५ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात फॉल्सम धरणाचा एक दरवाजा उघडत असताना मोडला आणि जलाशयाचा सुमारे चाळीस टक्के साठा वाहून गेला. खिळीतील गंजामुळे वर्षानुवर्षे वाढलेले घर्षण आणि मूळ आराखड्यात त्या घर्षणाचा न धरलेला हिशेब, ही कारणे चौकशीत पुढे आली. दरवाजा भक्कम दिसत होता. दोष न दिसणाऱ्या जागी होता.

कोयनेचे पाणी कराडला कृष्णेस मिळते आणि पुढे सांगलीस येते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर चढले, तेव्हा आपल्यापैकी कित्येक कुटुंबांनी घरे सोडली. महापुराची कारणे अनेक असतात. पण अशा वेळी धरणाचा दरवाजा हवा तेव्हा आणि हवा तेवढाच उघडावा, ही तर किमान अपेक्षा होय. ती त्या खिळीवर आणि तिच्या वंगणावर अवलंबून असते.

आता ग्राफाइट किंवा टेफ्लॉन घातलेली, स्वतःच वंगण पुरविणारी बेअरिंगेही मिळतात. तथापि झीज तपासावयास माणूस लागतोच. आपले जे विद्यार्थी अभियांत्रिकीकडे वळतील, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, नवे बांधण्याइतकेच बांधलेले राखणे थोर माना. कोनशिलेवर वंगण घालणाऱ्याचे नाव कोणी कोरीत नाही. परंतु नदीकाठची गावे रात्री निश्चिंत झोपतात, ती त्याच्याच भरवशावर.