इतर हक्कांच्या रकान्यातून

(शिरूर तालुक्यातील महिला मेळाव्यात एका कला-विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी चित्रकलेचं शिक्षण घेते आहे. माझं गाव शिरूर तालुक्यात आणि आजोळ दौंड तालुक्यात, भीमेच्या पलीकडे. आमच्या भागात मुलगी 'कला शिकते' म्हटलं की कुणीतरी हसत विचारतंच, "म्हणजे चौफुल्याच्या कला केंद्रात का?" मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. त्या बायाही कलेवर घर चालवतात. पण मी काय करते ते मात्र नीट सांगायला हवं, कारण मी भिंतीवर टांगायची निसर्गचित्रं काढत नाही. कापड, कागद, शाई, दोरा, छापखान्याचे खिळे, आवाज असं जे हाताला लागेल ते एकत्र करून मी काम करते. कॉलेजात त्याला मिश्र माध्यम म्हणतात. आपल्या घरची गोधडी हे काय वेगळं असतं? तिच्यात आजीचं लुगडं, बापाचं धोतर, बाळाचं झबलं सगळं एकत्र नांदत असतं.

माझं सध्याचं काम एका गोधडीचंच आहे. तिचं नाव 'इतर हक्क'.

हे नाव सातबाऱ्यावरून घेतलं आहे. आपल्यापैकी किती जणींनी सातबारा हातात घेऊन वाचला आहे? त्यात जमीन कसणाऱ्या मालकाचं, म्हणजे भोगवटादाराचं नाव एका जागी असतं. दुसऱ्या जागी 'इतर अधिकार' असा रकाना असतो. त्यात बँकेचा बोजा, सोसायटीचं कर्ज, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क अशा नोंदी येतात. आणि जुने उतारे काढून पाहिले तर कितीतरी ठिकाणी त्याच रकान्यात विधवा आईचं आणि लेकींची नावं सापडतात. भाऊ मालक, आणि बहिणी बोज्याच्या शेजारी. माझ्या आजोबांच्या माघारी आजीचं, मावशीचं आणि आईचं नाव तिथंच होतं. मावशीला मी ते वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी सोसायटीचं कर्ज का गं?"

त्या एका वाक्यावर ही गोधडी उभी आहे.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला बापाच्या मिळकतीत वारस म्हणून जागा दिली, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मानं हक्क मुलालाच राहिला. महाराष्ट्रानं 22 जून 1994 पासून तो मुलींनाही दिला. पण त्या तारखेआधी जिचं लग्न झालं असेल, तिला त्यातून वगळलं. माझ्या मावशीचं लग्न 1991 सालचं. म्हणजे कायदा तिच्या दारापर्यंत आला आणि मागं फिरला. पुढं 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीनं लग्न झालेली-न झालेली हा भेद काढून टाकला. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क मुलीला जन्मानंच मिळतो. 2005 साली बाप हयात होता की नव्हता यावर तो अवलंबून नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या यामुळे मोडत नाहीत.

कागदावर एवढं सगळं झालं. मग अडतं कुठं? हक्कसोडपत्रावर. रांजणगावला, कुरकुंभला औद्योगिक वसाहती आल्या, रस्ते रुंद झाले, जमिनीला भाव आला. ज्या बहिणीची वर्षभर आठवण येत नाही तिला घ्यायला दारात गाडी येते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत फोटो काढतात, अंगठा घेतात, हॉटेलात जेवण होतं, आणि साडी-चोळी करून तिला परत सोडतात. काय लिहिलं होतं ते तिला कुणी वाचून दाखवत नाही. "बहीण-भावाचं नातं राहावं म्हणून" असं बोललं जातं. मी विचारते, नातं राहावं म्हणून भावानं काय सोडलं?

गोधडी कशी केली ते सांगते. सातबाऱ्याची झेरॉक्स सुती कापडावर पालथी ठेवायची, वरून थिनरनं भिजवलेल्या बोळ्यानं घासायचं, की अक्षरं कापडावर उतरतात, पण उलटी. सुलट यायची असतील तर आधी उलटी प्रत काढून घ्यावी लागते. मी काही तुकड्यांवर मुद्दामच उलटी ठेवली आहेत, कारण ज्यांना वाचता येत नाही त्यांना सरकारी कागद कसा दिसतो ते शिकलेल्यांनाही कळावं. त्या तुकड्यांभोवती आणलेल्या जणींनी आपापल्या साड्या लावल्या. कोणत्या साड्या? भाऊबीजेला आलेल्या. ही सूचना माझी नव्हती, एका काकूंची होती. त्या म्हणाल्या, "माझ्या दोन एकरांच्या या बारा साड्या." सगळं साध्या धावदोऱ्यानं शिवलं आहे. मधल्या चौकोनात हक्कसोडपत्राचा मसुदा आहे. नावाच्या जागांवर ठिगळं लावून ती झाकली आहेत. कुणाचंही नाव, गट नंबर, गाव तिच्या परवानगीशिवाय दिसत नाही. ज्यांना आपला अंगठा त्यावर उमटवायचा होता त्यांनी शाईच्या पॅडवरून उमटवला. दोघींनी नंतर नको म्हटलं, त्या जागी त्यांनी स्वतः फुलं भरली. ती फुलं गोधडीत तशीच आहेत आणि माझ्या मते ती अंगठ्यांइतकंच बोलतात.

हे सगळं मला कुठून सुचलं असं कॉलेजात विचारतात. पुण्याच्या राज्यश्री गुडी यांचं काम मी पाहिलं. दलित आत्मकथनांत अन्नाचे, भुकेचे जे प्रसंग आहेत त्यांच्यावरून त्यांनी पाककृती लिहिल्या. भाकरीच्या तुकड्यातून सगळी जातव्यवस्था समोर येते. त्यावरून मला कळलं की ज्या वस्तूवर अन्याय घडला, ती वस्तूच साक्षीला बोलवावी.

पण खरी शाळा आपल्याच भागात होती. दौंड तालुक्यातलं केडगाव रेल्वेच्या खिडकीतून आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी उपाशी, निराधार मुली आणि बाया तिथं आणल्या. शेती, विणकाम यांच्याबरोबर तिथं छापखाना होता आणि तो बाया चालवत होत्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलाचं मराठी भाषांतर केलं. त्याचे खिळे त्या बायांनी जुळवले, छपाई त्यांनी केली. 1922 साली रमाबाई गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर आला. धर्म कुणाचा कोणता हा विषय आज माझा नाही. मला दिसतो तो एक-एक खिळा उचलणारा बाईचा हात. ज्या काळात बाईनं अक्षर गिरवलं तर नवरा मरतो म्हणत, त्या काळात केडगावात बाया हजारो पानं छापत होत्या.

म्हणून गोधडीशेजारी मी एक टेबल मांडते. बंद पडलेल्या छापखान्यातले खिळे भंगाराच्या दुकानातून किलोवर घेतले आहेत. येणाऱ्या बाईनं आपलं नाव स्वतः जुळवायचं, शाई लावायची, कागद दाबायचा. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, कागदावर सुलटं येतं. माझ्या आईनं पहिल्यांदा जुळवलं तेव्हा तिनं माहेरचं आडनाव लावलं. बाबा शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण तो कागद त्यांनीच घडी घालून खिशात ठेवला.

तिसरा भाग आवाजाचा आहे. जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी बायांच्या मदतीनं गावोगाव जाऊन गोळा केल्या. लाखाच्या वर ओव्या आहेत, त्यात आपल्या शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायाही आहेत. आज त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकायला मिळतात. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. ओवीपुढे गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. नुसतं 'लोकगीत' म्हणून सोडून दिलेलं नाही. शहरातल्या एका प्रदर्शनात माझ्या गोधडीखाली फक्त माझं नाव लावायचं ठरलं होतं. मी सांगितलं, शिवणाऱ्या सगळ्या जणींची नावं लागतील, नाहीतर गोधडी लागणार नाही. नावं लागली. बाईचं नाव गाळणाऱ्या सातबाऱ्यावर टीका करायची आणि शिवणारीचं नाव आपणच गाळायचं, हे कसं चालेल?

आता अवघड प्रश्नांकडे येते. गोधडी गावात मांडली तेव्हा तीन प्रश्न आले.

एक पुरुषांचा होता. "बहीण-भावांत भांडणं लावता का?" माझं उत्तर असं की गोधडी कुणाला भांड म्हणत नाही. ती फक्त वाचायला सांगते. वाचल्यानं जे नातं मोडतं, ते आधीच कशावर उभं होतं?

दुसरा बायांचा होता आणि तो जास्त खरा होता. "वाटा मागितला आणि माहेर तुटलं, तर उद्या नवऱ्यानं हाकललं की मी जाऊ कुठं?" याला माझ्याकडे चित्रातलं उत्तर नाही. बाई एकटी मागते म्हणून माहेर तुटतं. गावातल्या दहा जणींनी मागितला तर ती रीत होते. दहा जणी एकत्र बसवण्याचं काम तुमच्या संघटना करतात. गोधडी त्यांना बसायला निमित्त देते, एवढंच.

तिसरा प्रश्न एका मजूर ताईंनी विचारला. "आमच्याकडं सातबाराच नाही. मी काय शिवू?" त्या ऊसतोडीला जातात. तिथं नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, उचल नवऱ्याच्या हातात पडते आणि बाईचं नाव कुठंच येत नाही. जमीन नसलेल्या घरातही एक कागद असतो, ग्रामपंचायतीचा नमुना आठ. घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करावी, असा निर्णय राज्य शासनानं 2003 सालीच काढला आहे. ताईंनी ग्रामपंचायतीतून उतारा काढला, तर एकट्या नवऱ्याचं नाव. आता दुसरी गोधडी त्यांच्या घरात सुरू झाली आहे. तिचं नाव त्यांनीच ठेवलं, 'अर्धा कोयता'.

जाता जाता एक मागणं आहे. घरी गेल्यावर माहेरचा आणि सासरचा सातबारा, नाहीतर नमुना आठ काढा. आपलं नाव कोणत्या रकान्यात आहे ते बोट ठेवून बघा. कुणी सहीला बोलावलं तर कागद आधी मागून घ्या, घरी आणा, दुसऱ्या बाईकडून वाचून घ्या. एकदा नोंदलेलं हक्कसोडपत्र सहजासहजी मागं घेता येत नाही.

माझ्या मावशीनं अजून सही केलेली नाही. केलीच तर वाचून करीन, असं तिनं मामाला सांगितलं आहे. मामा या दिवाळीला साडी घेऊन आला. मावशीनं ती घेतली, त्याला ओवाळलं, आणि कागद वाचायला कधी बसायचं ते विचारलं.