अनिश्चित काय आणि निश्चित काय



अलीकडे एक वाक्य वारंवार कानांवर येते: ‘विज्ञानानेच आता कबूल केले आहे की, निश्चित असे काही नाही.’ प्रवचनात ते ऐकू येते, औषधांच्या जाहिरातीत दिसते, आणि वादात बाजू लंगडी पडू लागली की शिकलेली माणसेही त्याचा आधार घेतात. साक्षीला हायझेनबर्गचे नाव असते. उलट, या सभेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना तेच तत्त्व एका ओळीच्या सूत्रात पाठ करावे लागते. एकाला सूत्र ठाऊक नसते, दुसऱ्याला अर्थ कोणी विचारलेला नसतो. म्हणून आज आम्ही एवढाच प्रश्न हाती घेतला आहे: जुन्या पदार्थविज्ञानातून नव्यात येताना निश्चितता नेमकी कोठे गेली, आणि कोठे राहिली?

प्रथम जुने घर पाहू. न्यूटनचा महान ग्रंथ 1687 साली प्रसिद्ध झाला. त्याच्या नियमांच्या आधारे हॅलीने सांगितले की, 1682 साली दिसलेला धूमकेतू 1758 च्या सुमारास परत येईल. हॅली 1742 साली वारला. धूमकेतू 1758 च्या डिसेंबरात दिसला. माणूस गेला, पण त्याचे गणित खरे ठरले, याचा त्या काळच्या विद्वानांवर केवढा परिणाम झाला असेल याची कल्पना करावी. 1814 साली लाप्लासने या विश्वासाला टोक आणले. विश्वातील प्रत्येक कणाची जागा, वेग आणि त्यावरील प्रेरणा एखाद्या बुद्धीला ठाऊक असतील, तर भूत आणि भविष्य तिच्यापुढे सारखेच उघडे राहील, असे त्याने प्रतिपादन केले.

या विचारात योगायोगाला जागा होती, पण ती आपल्या अज्ञानाची. नाणे उडवले तर छापा की काटा हे आपल्याला सांगता येत नाही, कारण बोटाचा झटका आणि हवेचा विरोध आपण मोजलेला नसतो. मोजला असता तर सांगता आले असते. अनिश्चितता माणसात होती, नाण्यात नव्हती.

आता नव्या घरात येऊ. एका पडद्याला दोन अरुंद फटी आहेत. एका बाजूने इलेक्ट्रॉन सोडायचे आणि पलीकडच्या फलकावर ते कोठे पडतात हे पाहायचे. 1961 साली जर्मनीत क्लाउस यॉन्सन यांनी खऱ्या फटी कोरून हा प्रयोग केला. 1989 साली जपानमध्ये आकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, फटींऐवजी एका बारीक तंतूच्या दोन बाजूंच्या वाटा वापरून, एका वेळी एकच इलेक्ट्रॉन जाईल अशी व्यवस्था केली. फलकावर एक ठिपका उमटतो, मग दुसरा, मग तिसरा. प्रारंभी त्यांत काही संगती दिसत नाही. हजारो ठिपके जमले म्हणजे मात्र स्वच्छ पट्टे दिसतात: एक दाट, एक विरळ.

2013 साली अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात फटी आळीपाळीने झाकून आणि मग दोन्ही उघडून हाच प्रयोग झाला. विरळ पट्ट्याच्या जागी, एकच फट उघडी असताना इलेक्ट्रॉन येत होते. दोन्ही उघडताच तेथे येणे जवळजवळ थांबले! या मंडपाला दोन दारे आहेत असे समजा. दुसरे दार उघडल्यामुळे एखाद्या रांगेतील गर्दी वाढेल. ती रांग ओस पडली असे कधी ऐकले आहे काय? प्रत्येक इलेक्ट्रॉन निमूटपणे या किंवा त्या फटीतून गेला आणि आपल्याला ते फक्त ठाऊक नाही, एवढेच असते तर आकड्यांची बेरीज झाली असती. येथे वजाबाकी होते.

या वजाबाकीची किल्ली 1926 साली माक्स बोर्न यांनी दिली. प्रत्येक वाटेला एक संख्या जोडलेली असते. तिला परमप्रसर म्हणतात. सोयीसाठी ती अधिक किंवा उणे चिन्हाची समजू. आधी या संख्यांची बेरीज करायची, मग तिचा वर्ग. तो वर्ग म्हणजे संभाव्यता. एका वाटेची संख्या 1 आणि दुसरीची उणे 1 असेल, तर एकटीदुकटीचा वर्ग 1 च येतो. पण दोघींची बेरीज शून्य. दोन्ही संख्या 1 असतील, तर बेरीज 2 आणि वर्ग 4, म्हणजे दुप्पट नव्हे, चौपट. हेच ते विरळ आणि दाट पट्टे.

आता आमच्या म्हणण्याचा गाभा असा. ही संख्या काळाबरोबर कशी बदलते हे श्रोडिंगरचे 1926 सालचे समीकरण सांगते, आणि त्यात योगायोगाला तिळमात्र जागा नाही. एक ठिपका कोठे पडेल हे सांगता येत नाही. पट्टे कोठे पडतील हे काटेकोर सांगता येते. नियम सुटलेला नाही. तो कणाच्या जागेऐवजी संभाव्यतेवर चालू लागला.

मग हायझेनबर्गच्या 1927 सालच्या तत्त्वाचे काय? जागा आणि संवेग ही दोन्ही एकाच वेळी हवी तितकी नेमकी असू शकत नाहीत, असे ते सांगते. पण किती, हेही सांगते, आणि तेच लोक विसरतात. कॅरमची पाच ग्रॅमची सोंगटी घ्या. तिची जागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत निश्चित केली, तर वेगात जी किमान अनिश्चितता उरते ती एवढी क्षुद्र, की विश्वाच्या सुमारे 1,380 कोटी वर्षांच्या आयुष्यातही तिच्यामुळे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढाही फरक पडणार नाही. तेव्हा राणी हुकली तर दोष हायझेनबर्गला देऊ नये! उलट, अणूएवढ्या जागेत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनाच्या वेगात किमान सेकंदाला सुमारे 580 किलोमीटर अनिश्चितता असते.

आणि तिच्यावरच आपण उभे आहोत. जुन्या नियमांप्रमाणे अणुकेंद्राभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून सेकंदाच्या अब्जांश भागाच्या आत केंद्रात कोसळायला हवा. तो कोसळत नाही, कारण जागा जितकी आकुंचित करावी तितकी त्याच्या गतीची ऊर्जा वाढत जाते. अणूला आकार आहे, तो यामुळे.

आइनस्टाइन यांना हा कारभार पटला नाही. 1935 साली पोडोल्स्की आणि रोझेन यांच्यासह त्यांनी आक्षेप घेतला की, हे वर्णन अपुरे आहे. आक्षेप हलका नव्हता. त्याची कसोटी सापडायला 1964 साल उजाडले. जॉन बेल यांनी दाखवले की, कणांची उत्तरे आधीच ठरलेली असतील आणि प्रकाशाहून वेगाने काही परिणाम पोचत नसेल, तर दूर गेलेल्या जोडीदार कणांच्या उत्तरांतील मेळाला एक मर्यादा पडते. 1972, 1982 आणि 2015 सालच्या प्रयोगांत ती ओलांडलेली आढळली. या कामाबद्दल आस्पे, क्लाउझर आणि त्सायलिंगर यांना 2022 चे नोबेल पारितोषिक मिळाले. छुपी कारणे मानणारा डेव्हिड बोम यांचा 1952 सालचा सिद्धांत टिकून आहे; पण त्याला दूरवरचा तात्काळ परिणाम मान्य करावा लागतो. नाण्यासारखे साधे अज्ञान, हा मार्ग मात्र बंद झाला.

तरीही व्यवहार अडला नाही. कर्करोगावरील उपचारात वापरला जाणारा कोबाल्ट-60 पाहा. त्याचा एखादा अणू कधी फुटेल हे कोणी सांगू शकत नाही. पण दहा लाख अणू घेतले तर सुमारे सव्वापाच वर्षांनी पाच लाख उरतील, आणि फरक बहुधा हजाराच्या आत राहील. या भरवशावरच रुग्णाला द्यायच्या किरणांचे प्रमाण ठरवले जाते.

तेव्हा विद्यार्थीमित्रांनो, पुंजसिद्धांताचे नाव घेऊन कोणी काही गळ्यात मारू लागला, तर त्याला नम्रपणे दोन प्रश्न विचारा: ‘अनिश्चितता किती? आणि कोणत्या प्रयोगात मोजली?’ हायझेनबर्गजवळ पहिल्याचे उत्तर होते. विकणाऱ्याजवळ आहे का ते पाहा. आणि परीक्षेत ते सूत्र लिहाल तेव्हा, आपण ज्या बाकावर बसलो आहोत ते आपल्याखाली का टिकून आहे, याचाही त्यात काही भाग आहे, हे ध्यानात असू द्या.