‘ऑल्वेज’ आणि ‘नेव्हर’ यांच्यामध्यें

एखाद्या घरीं आईला ताप येऊं लागतो. परगांवच्या ज्या डॉक्टरास विचारावयाचें त्यांना मराठी येत नाहीं, म्हणून शिकलेला मुलगा इंग्रजींत पत्र लिहितो : ‘माय मदर ऑल्वेज गेट्स फीव्हर.’ व्याकरणाच्या दृष्टीनें या वाक्यांत बोट ठेवावयास जागा नाहीं. पण डॉक्टरानें त्यावरून समजावें काय? ताप अंगांत सतत असतो, रोज संध्याकाळीं चढतो, कीं एक दिवसाआड येतो? हिंवतापाच्या एका प्रकारांत थंडी भरून येणारा ताप सुमारें ४८ तासांनीं उलटतो, तर दुसऱ्या एका प्रकारांत सुमारें ७२ तासांनीं. रक्त तपासल्यावांचून निदान पक्कें होत नाहीं हें खरें. परंतु रक्तांत काय शोधावयाचें हें सुचविणारी पहिली खूण म्हणजे तापाची पाळी. मुलानें ‘एव्हरी अदर डे’ एवढे तीन शब्द लिहिले असते तर ती खूण डॉक्टराच्या हातीं लागली असती. ‘ऑल्वेज’ या एका शब्दानें ती पुसून टाकली.

एखादी गोष्ट किती वेळां घडते हें सांगणारीं क्रियाविशेषणें इंग्रजींत थोडींच आहेत. पण त्यांची एक उतरंड आहे. सर्वांत वर ‘ऑल्वेज’ : म्हणजे एकहि अपवाद नाहीं. त्याखालीं ‘यूझ्वली’ : रीत तशी, पण अपवाद घडतो. मग ‘ऑफन’ म्हणजे वारंवार, ‘सम्टाइम्स’ म्हणजे कधीं कधीं, ‘सेल्डम’ किंवा ‘रेअर्ली’ म्हणजे क्वचित्, ‘हार्डली एव्हर’ म्हणजे जवळजवळ कधींच नाहीं, आणि तळाशीं ‘नेव्हर’. मराठी मनुष्याची पहिली चूक अशी होते कीं, तो या उतरंडीचीं दोन टोकेंच तेवढीं वापरतो. मधल्या पायऱ्या त्याच्या तोंडीं येतच नाहींत. दुसरा खड्डा ‘बहुधा’ या शब्दापाशीं आहे. मराठींत ‘बहुधा तो उद्यां येईल’ असेंहि म्हणतां येतें आणि ‘तो बहुधा पायींच जातो’ असेंहि म्हणतां येतें. इंग्रजींत पहिल्या ठिकाणीं ‘प्रॉबब्ली’ पाहिजे आणि दुसऱ्या ठिकाणीं ‘यूझ्वली’. पहिला शब्द अंदाजाचा आहे, दुसरा संवयीचा.

आतां या शब्दांच्या जागेकडे वळूं या. मराठींत ‘तो नेहमी उशिरां येतो’ म्हणा, ‘नेहमी तो उशिरां येतो’ म्हणा, किंवा ‘उशिरां येतो तो नेहमी’ म्हणा. जोर बदलतो, वाक्य मोडत नाहीं. विभक्तिप्रत्ययांच्या बळावर मराठी शब्दांना हिंडण्याची मोकळीक आहे. इंग्रजी शब्दाला आपली जागा सोडून फारसें जातां येत नाहीं. नियम तीन आहेत आणि ते सोपे आहेत. साधें क्रियापद असेल तर हा शब्द त्याच्या आधीं बसतो : ‘फादर ऑल्वेज रीड्स द पेपर.’ ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ हीं मुख्य क्रियापदें असतील तर त्यांच्या नंतर बसतो : ‘शी इज नेव्हर अँग्री.’ साहाय्यक क्रियापदें असतील तर पहिल्याच्या नंतर बसतो : ‘ही हॅज ऑफन बीन टोल्ड.’ ‘सम्टाइम्स’ आणि ‘यूझ्वली’ यांना वाक्याच्या आरंभींहि बसण्याची मुभा आहे. ‘ऑल्वेज’ला ती केवळ आज्ञार्थी वाक्यांत मिळते : ‘ऑल्वेज बॉइल द वॉटर.’

आंकडा किंवा नेमकी मुदत सांगणारे शब्द मात्र वाक्याच्या शेवटीं जातात : ‘वन्स अ मंथ’, ‘ट्वाइस अ वीक’, ‘एव्हरी डे’. ‘तो रोज देवळांत जातो’ याचें शब्दशः रूपांतर करून मराठी विद्यार्थी ‘ही डेली गोज टु द टेंपल’ असें लिहितो. इंग्रजी रूढी ‘डेली’ किंवा ‘एव्हरी डे’ शेवटीं ठेवते : ‘ही गोज टु द टेंपल एव्हरी डे.’

‘नेव्हर’ची गोष्ट निराळी आहे. जुन्या इंग्रजींत ‘ने’ म्हणजे नाहीं आणि ‘एफ्रे’ म्हणजे कधीं, या दोहोंच्या संधीनें तो शब्द झाला. म्हणजे नकार त्याच्या पोटांतच आहे. मराठींत ‘कधीं’ आणि ‘नाहीं’ दोन्ही उच्चारावे लागतात, म्हणून मराठी मुलगा इंग्रजींतहि दोन नकार देतो आणि ‘ही नेव्हर डज नॉट स्मोक’ असें लिहून बसतो. त्यानें एकाद्या निर्व्यसनी गृहस्थाच्या हातीं विडी दिली, हें त्याच्या ध्यानींहि येत नाहीं! ‘नॉट ऑल्वेज’ म्हणजेहि ‘नेव्हर’ नव्हे. ‘द ट्रेन इज नॉट ऑल्वेज लेट’ याचा अर्थ गाडी कांहीं वेळां वेळेवर येते, इतकाच. ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’ यांचा घोंटाळा तर शिफारसपत्रांत घातक ठरतो. ‘ही वर्क्स हार्ड’ ही स्तुति आहे. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जेमतेमच काम करतो. चांगल्या उमेदवाराची नोकरी दोन अक्षरांनीं जाऊं शकते.

उलट दिशेनें पाहिलें तर मराठीजवळ असें कांहीं आहे कीं जें इंग्रजीला वेगळे शब्द जोडून आणावें लागतें. ‘आजोबा पहांटे उठत, नदीवर जात, येतांना फुलें आणीत’ या वाक्यांत ‘नेहमी’ हा शब्द कोठेंच नाहीं. पण तो नित्यक्रम होता हें क्रियापदाच्या रूपावरूनच कळतें. इंग्रजीला तेथें ‘यूझ्ड टु’ किंवा ‘वुड’ यांचा आधार घ्यावा लागतो. जो विद्यार्थी तेथें ‘ऑल्वेज’ घालतो तो आजोबांना एकहि दिवस अंथरुणांत पडूं देत नाहीं.

न्यायालयांत या शब्दांची खरी परीक्षा होते. ‘त्या रात्रीं तो आला नाहीं’ हें एका रात्रीचें विधान आहे. ‘ही नेव्हर केम’ असें साक्षीदार म्हणाला कीं तें सगळ्या रात्रींचें होऊं शकतें, आणि उलटतपासणींत एकच भेट सिद्ध झाली तर त्याची खरी साक्षहि डळमळते. घरांतल्या भांडणांतहि हेंच घडतें. ‘यू आर ऑल्वेज लेट’ असें रोज म्हटलें, तर ऐकणारा आपण वेळेवर आलों तो एक दिवस आठवून मोकळा होतो. आणि रोज मरे त्याला कोण रडे, या न्यायानें तक्रार खरी असली तरी तिच्याकडे कोणी लक्ष देत नाहीं. ‘यू आर ऑफन लेट’ यापुढें मात्र त्याला उत्तर सुचत नाहीं.

आतां त्या मुलानें आईजवळ बसून पुन्हा पत्र लिहावें : ‘द फीव्हर कम्स एव्हरी अदर डे, यूझ्वली इन द आफ्टरनून. शी हॅज नेव्हर हॅड इट बिफोर.’ तीन शब्द तीन ठिकाणीं आपापल्या जागीं बसले, आणि डॉक्टराला हवें तें सारें कळलें. त्यासाठीं त्याला नवें व्याकरण शिकावें लागलें नाहीं. ‘एक दिवसाआड, दुपारीं, आणि पूर्वी कधींच नाहीं,’ असें आई पहिल्या दिवसापासून सांगतच होती.